लाल ठिपक्याची पाकिटं

नाही नाही, ते पाकीट टेबलावर ठेवा आणि आधी बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय — हां, त्या पोत्यावर बसा, कच्च्या बिया आहेत, काही होत नाही. मोठ्याने बोलते म्हणून रागवू नका — राग मला आलाय, तुम्ही कशाला रागावताय? — पण आत भाजणीचा ड्रम चालू आहे ना, त्या खडखडाटात आपलंच आपल्याला ऐकू येत नाही. बरंच आहे म्हणा. तो फिरतोय तोवर आतल्या माणसाला बाहेरचं काही ऐकू जात नाही, म्हणून तर तुम्हाला याच वेळेला बोलावलं. फोन काढा. काढा की. तुमचा तो रिव्ह्यू उघडा. राहू दे, मीच म्हणून दाखवते, सकाळपासून पाठ झालाय मला — ‘एक स्टार. ही कॉफी नाही, कोळसा आहे. भाजणाऱ्याला नाक आहे की नाही?’ शाबास! उचलली जीभ, लावली टाळ्याला. चार गल्ल्या सोडून तर राहता तुम्ही. पाकिटावर फोन नंबर छापलाय, एवढा ठसठशीत. ‘ताई, कडू लागली’ म्हणाला असतात तर मी स्वतः चालत येऊन पाकीट बदलून दिलं असतं. पण नाही. सगळ्या जगाला सांगायचं, आणि आम्हाला सगळ्यात शेवटी.

काय? ग्राहकाचा हक्क? आहे ना, कोण नाही म्हणतंय. कडू होती? होती. जळकी होती? होती, मी खोटं बोलणार नाही. पण नाक कशाला काढलंत? कडू लिहा, राख लिहा, ताईला धंद्यातलं ओ की ठो कळत नाही असं लिहा — मी ऐकून घेतलं असतं. नाक नेमकं कुठून सुचलं तुम्हाला?

आत माझे वडील आहेत. ते भाजतात. पस्तीस वर्षं एका मोठ्या दुकानाच्या भाजणीखान्यात होते, आणि तिथे त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे — ‘नाक’ म्हणायचे. ‘नाक आले का? मग घाणा उतरवा.’ मालकसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय ड्रमचं तोंड उघडत नसे. बिया तडतडायच्या आधी वास बदलतो — आधी ओल्या गवताचा, मग भाजल्या पावाचा, मग कॉफीचा — तो बदल त्यांना बाहेर अंगणात उभं राहून कळायचा. मग मालकाच्या पोरांनी एक डबा आणून बसवला, त्यात आकडे दिसतात, आणि नाकाला घरी पाठवलं. सहा महिने हा माणूस त्या भिंतीकडे बघत बसला हो. दाढी नाही, आंघोळ नाही, बोलणं नाही. हा धंदा मी कॉफी विकायला काढलाय असं वाटतं तुम्हाला? सकाळी उठायला त्यांना काहीतरी कारण हवं, म्हणून काढला. मी ऑफिस सोडलं, हा लहान ड्रम आणला, धाकट्या भावाने वेबसाइट केली — आणि तिसऱ्या दिवशी बाबा दाढी करून उभे. तो दिवस मी विसरणार नाही.

आणि त्याच वर्षी त्यांना ताप आला. साधा ताप, आठ दिवसांचा. गेला. जाताना — जाऊ दे. तुम्हाला काय करायचंय? तुम्ही बटण दाबा, तो रिव्ह्यू काढून टाका, नवीन पाकीट घ्या आणि चला.

का काढायचा? कारण रोज दुसरा घाणा उतरला की बाबा बाहेर येतात, चष्मा लावतात, मोबाईल डोळ्यांपाशी धरतात आणि कोणी काय लिहिलंय ते मोठ्याने वाचून दाखवतात मला. तेवढीच त्यांची करमणूक. आता तो दुसरा घाणाच चालू आहे. फार तर वीस मिनिटं आहेत तुमच्या हातात. आणि तुम्ही विचारताय का!

ठीक आहे, ऐका मग. एकदा सांगते, पोटात ठेवा. तापानंतर महिनाभराने मी बाजारातून आले, तर जिन्यातच करपल्याचा वास. घरभर धूर. गॅसवर दूध जळून भांडं काळं ठिक्कर, आणि त्याच्याशेजारी दोन हातांवर बाबा पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसलेले. मला म्हणतात, ‘काय गं, धावत का आलीस?’ मी म्हटलं, ‘दूध ठेवून विसरले मी.’ माझ्या अंगावर घेतलं. डॉक्टरांकडे एकटीच जाऊन विचारून आले — म्हणाले, कधी येतो वास परत, कधी येत नाही. नाहीच आला. दोन वर्षं मी रोज जेवताना ऐकतेय, ‘तुझ्या हाताची चव गेली गं.’ रोज! आणि मी काय म्हणायचं? ‘हो बाबा, गेली.’ झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय?

मग? मग काय, ते सकाळी भाजतात, मी प्रत्येक घाण्यातली एक बी दातांनी फोडून बघते. बरी असली की पाकिटाच्या तळाला निळा ठिपका — ते पाठवायचं. जळकी असली की लाल — ते मागे ठेवायचं. रोज संध्याकाळी बाबा फिरायला जातात दीड तास. गुडघे इतके दुखतात, तरी जातात, आणि घड्याळ लावल्यासारखे दीड तासानेच येतात, पाच मिनिटं आधी नाहीत. तेवढ्यात मी ड्रम पेटवून तेवढ्याच कच्च्या बिया नव्याने भाजते. लाल पाकिटं खालच्या बागेत, झाडांच्या बुंध्याशी रिकामी करते. माळी म्हणतो, ‘ताई, तुमच्यामुळे आमची झाडं झोपेनाशी झालीत.’ हसू नका. हे बघा हात — चटके मोजा.

आणि तुमच्यापर्यंत लाल कसं पोचलं? आमचे धाकटे राजे! त्यांनी हौसेने नवी लेबलं छापून आणली, बाबांचा फोटो, खाली ‘पस्तीस वर्षांचं नाक’. मी बँकेत गेले होते, यांनी सगळ्या पाकिटांना लेबलं चिकटवली — कुठे? तळाला! ठिपक्यांवर! आणि लगेच पाठवूनही दिली. त्याला ठिपक्यांचं माहीत नाही, कोणालाच नाही, मी सांगितलंच नाही — हो, माझी चूक, म्हणा की. अकरा लाल पाकिटं गेली. दहा जणांनी मुकाट्याने प्यायली. एकाने तर ‘काय धुरकट चव आहे’ म्हणून पाच स्टार दिले! अकरावे तुम्ही. तुम्हालाच कुठून नाक फुटलं एवढं? बाबांनी हे वाचलं ना, तर ते परत त्या भिंतीकडे तोंड करून बसतील, आणि या वेळी माझ्याकडे दुसरा ड्रम नाही त्यांना उठवायला. त्यांना नाक राहिलेलं नाही! नाहीच आहे त्यांना नाक, बरोबर लिहिलंत तुम्ही, अगदी बरोबर, झालं समाधान? आता तरी काढा ते —

थांबा. गप्प बसा जरा. तुम्ही नाही हो, तुम्ही कुठे बोलताय, मीच बोलतेय — पण ऐका. ड्रम. ड्रमचा आवाज कुठाय? कधी बंद झाला? तुम्हाला कळलं होतं? मग हात तरी करायचा मला —

बाबा.

कोणी नाही, गिऱ्हाईक आहे, पाकीट बदलायला आलंय. तुम्ही कशाला उठलात, मी आले असते ना आत. हातात काय आहे ते? आणा इकडे. केवढं गरम आहे हे, आत्ताच भरलंत? अहो, तोंडही नाही बांधलं. आणि हा — बाबा, खाली हा लाल ठिपका कोणी केला? मी तर आज आत आलेच नाही अजून.

कधीपासून, बाबा?

म्हणजे त्या गुडघ्यांनी तुम्ही रोज दीड तास मुद्दाम बाहेर —

अहो, तुम्ही अजून बसलायत? उठा. ते निळं पाकीट घ्या आणि निघा. नको, ते लिहिलेलं नका काढू. राहू दे. दार ओढून घ्या जाताना.