चौथं मिनिट

गुंतवणुकीचा सल्ला मला विचारू नका, बाबांनो. चहा घ्या आणि का विचारू नका ते ऐका.

पंच्याऐंशी साली मी अमेरिकेत पिस्कॅटवेला होतो आणि धाकटा भाऊ वसंत पश्चिम जर्मनीत. पेपरातला जर्मन मार्कचा भाव मी रोज डायरीत उतरवून ठेवायचो, त्यामुळे पैशांच्या बाबतीत त्याचा माझ्यावर फार विश्वास. एका रविवारी त्याचा फोन आला.

"दादा, घरासाठी साठवलेले सगळे मार्क डॉलरमध्ये टाकू का? डॉलर सारखा वाढतोय."

"वाढतोय खरा."

"मग उद्याच बँकेत जातो!"

माझी नजर घड्याळावर होती. परदेशचा फोन तीन मिनिटांत आटपायचा, हा आम्हा दोघांचा नियम. मी म्हणालो, "बरं, ठेवतो," आणि ठेवला.

पुढच्या दोन-तीन वर्षांत डॉलर जवळजवळ निम्म्यावर आला. वसंताचं घर राहूनच गेलं. मला मात्र तो एका शब्दानं बोलला नाही.

नंतर एकदा तो आमच्याकडे आला आणि गंमत म्हणून त्यानं ती जुनी डायरी चाळली. त्या रविवारच्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं : 'डॉलर फार चढलाय, आता उतरेल असं वाटतं. वसंताला थांब म्हणायचं होतं, पण तीन मिनिटं झाली. पत्रात लिहीन.'

त्यानं ते पान माझ्यासमोर धरलं.

"बोलला का नाहीस, दादा?"

"चौथ्या मिनिटाचे पैसे पडले असते रे."

"पण फोन मी लावला होता."