वर्षभरापुरती गाडी

मंडळी, ऐका! हात जोडलेत ना त्या विटेवरच्या सावळ्याला? जोडा. आता कान इकडे द्या. मृदंगवाले, बोटं आवरा जरा — आज प्रश्न आधी, गाणं मागून!

प्रश्न असा. खोटं किती दिवसांसाठी केलं तर ते खोटं नसतं? सांगा! एक दिवस? एक महिना? "महाराज, कायमचं नाही हो, तेवढ्यापुरतंच!" — असं म्हटलं की देव डोळा झाकतो का? नुसत्या माना हलवू नका, तोंडानं सांगा! नाही झाकत? ठीक. आता गोष्ट ऐका, मग पुन्हा विचारतो.

सेलू गाव. तिथं एक पुरुषोत्तम लोहगावकर सर. हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. माणूस सज्जन! चहा सोडला तर व्यसन नाही. कुणाचा पाय यांना लागला तरी आधी हेच नमस्कार करणार. एकादशी कडक — साबुदाणा फक्त दोन वाट्या! हसू नका, तुमच्यातले चार वाट्यावाले मला ठाऊक आहेत. पुढेच बसलेत!

तर या सरांना हुकूम आला. वर्षभर औंढ्याच्या बाजूला एका शाळेवर जा. बदली नाही बरं का, तात्पुरती सोय. बिऱ्हाड हलवावं तर मुलीची बारावी. मग काय? रोजचं अप-डाऊन! एका अंगाला सत्तर किलोमीटर! एसटीनं जावं तर मध्ये गाडी बदला, आणि प्रार्थनेला पोचायचं तर कोंबड्याच्या आधी उठा. मग ठरलं — जुनी गाडी घ्यायची. वर्षभर वापरायची, काम झालं की विकून मोकळं व्हायचं.

यात पाप आहे का? मुळीच नाही! जुनी गाडी घेणं हा शहाणपणा आहे. मी स्वतः जुन्याच गाडीतून आलोय. कीर्तन संपलं की चार जणांनी थांबा, ढकलायची आहे!

सर निघाले गाडी बघायला. बरोबर पत्नी, प्रमिलाताई. पहिली गाडी एका निवृत्त पोस्टमास्तरांची. छोटीशी, पेट्रोलवरची. रंग उडालेला, सीट दोन ठिकाणी उसवलेली, पण इंजिन ठणठणीत! पोस्टमास्तरांनी तेलपाणी कधी चुकवलं नव्हतं.

ताई म्हणाल्या, "अहो, हीच घ्या. रंग काय चाटायचाय?"

सर म्हणाले, "अगं, पेट्रोल केवढं जाईल रोजचं! वर्षभरात गाडीच्या किमतीइतकं पेट्रोल पिऊन बसेल ही."

"मग त्याच शाळेवर जाणाऱ्या मॅडम आहेत ना? त्यांना बरोबर घ्या, वर्गणी काढा."

झालं! बाई म्हणाली ते बरोबर होतं, म्हणून सरांना पटलं नाही. हा आपल्याकडचा रिवाजच आहे!

दुसऱ्या दिवशी सर एकटेच गेले. कुणाकडे? बाळू कोकाट्याकडे. जुन्या गाड्यांचा दलाल. त्यानं पांढरी व्हॅन दाखवली. आणि विचारलं, "सर, किती दिवसांसाठी पाहिजे?"

"वर्षभर."

"वर्षभर! मग पेट्रोलचा विचारच कशाला करता?" आणि त्यानं व्हॅनचं मागचं दार वर उचललं. आत एक आडवी बैठक केलेली, एक पाइप पुढं गेलेला. "इथं घरातली टाकी ठेवायची. स्वयंपाकाची. खर्च निम्म्याच्या आत!"

काय? काय म्हणालो मी? घरातली टाकी! स्वयंपाकाची! लाल! जिच्यावर आपल्या पोळ्या होतात ती — धावत्या गाडीच्या पाठीत! माणसांच्या मागं! अहो, गुन्हा आहे हा! कायद्यानं गुन्हा! आणि समोर उभा कोण? विज्ञानाचा मास्तर! आठवीच्या पोरांना फळ्यावर शिकवणारा — की हा गॅस हवेपेक्षा जड, वर जात नाही, जमिनीलगत साचून राहतो, आणि एक ठिणगी पुरते!

सर म्हणाले, "कोकाटे, हे धोक्याचं आहे हो."

कोकाटे हसला. "सर, लोक वर्षानुवर्षं चालवतात. तुमचं तर एकच वर्ष!"

एकच वर्ष! मंडळी, सैतान शिंगं घेऊन येत नाही. तो म्हणतो — एकच वर्ष. एकदाच. यावेळेपुरतं. सर तिथंच उभे राहिले, मिशीवरून हात फिरवला, आणि म्हणाले, "बरं. पण घरी बोलू नका."

आता घरी टाक्या किती? दोन. एक चालू, एक भरलेली. भरलेली गेली व्हॅनमध्ये, वर जुनी गोधडी. संध्याकाळी ताईंनी विचारलं, "अहो, दुसरी टाकी कुठंय?"

आणि हा एकादशीचा माणूस म्हणाला, "शाळेला दिली. पोरांच्या खिचडीसाठी. तिथं अडचण होती."

अरे विठ्ठला! खोटं बोलला ते बोलला, वर पुण्याचा टिळा लावला त्याला! आणि ती माउली? तिनं गल्लीभर सांगितलं — "आमच्या ह्यांनी टाकी दिली हो शाळेला!" डोळ्यांत पाणी तिच्या, कौतुकाचं. घरात गॅस संपला की कोळशाच्या शेगडीवर भात शिजवायची, पण ब्र नाही काढला.

व्हॅन सुरू झाली. बरोबर तीन शिक्षिका. त्यातल्या चाटे मॅडमना दिवस गेलेले, दसऱ्याला सातवा लागणार होता. त्यांना पुढं पाय पसरता येत नसत, म्हणून त्या मागच्या सीटवर, उशी घेऊन. कधी म्हणायच्या, "सर, वास येतोय का हो कसला?" सर म्हणायचे, "जुनी गाडी आहे, यायचाच." रोज! सत्तर जायचं, सत्तर यायचं! टाकी संपली की कोकाटे तीच गुपचूप भरून द्यायचा.

आला दसरा.

दसऱ्याला आपण काय करतो? गाडी धुतो, झेंडूची माळ घालतो, नारळ फोडतो. सरांनी सकाळी व्हॅन धुतली. मागं पुसता पुसता टाकी थोडी हलली. पाइप सैल झाला. त्यांच्या लक्षात आलं नाही. मागचं दार नीट लागलंही नाही. गॅस आपला हळूहळू खाली उतरत होता.

तिन्ही मॅडम नटून आलेल्या. त्यांचीही गाडीच की ती! चाटे मॅडम माळ घेऊन मागच्या चाकाशी उभ्या. सर पुढं, बॉनेटवर नारळ, हातात काडेपेटी — उदबत्ती लावायची होती.

आणि प्रमिलाताई आल्या. डाव्या हातावर ताट. ताटात हळदकुंकू, कापूर आणि तुपाचं पेटलेलं निरांजन!

ही बाई कशी, सांगतो. दसऱ्याला घरातली एक वस्तू सोडायची नाही. मिक्सरला कुंकू, शिलाई मशीनला कुंकू, कात्रीला कुंकू! ती व्हॅनच्या पुढच्या चाकाला कुंकू लावून मागं आली. ताट जमिनीवर टेकवायला वाकली...

मंडळी, जमिनीवर! जिथं गॅस साचतोय तिथं!

... वाकली, आणि थांबली. वास! मान वर केली. दार अर्धवट उघडं. उजव्या हातानं वर ढकललं. गोधडी सरकलेली. आणि गोधडीखालून दिसली लाल टाकी. त्या टाकीवर, ती घरात आली त्या दिवशीची, पुसट झालेली, हळदीकुंकवाची पाच बोटं.

कुणाची बोटं? तिचीच!

बाई दगडासारखी झाली. आतून आवाज येतोय — सूं... आणि डाव्या हातावर जळतं निरांजन! ती ओरडली, "अहो! काडी ओढू नका!"

सरांची काडी पेटीला टेकलेली होती. तिथंच राहिली.

आता सांगा, तिनं काय करावं? फुंकावं? अहो, दिवा फुंकून विझवायचा नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं. पळावं तर ज्योत हलणार. शेजारी चाटे मॅडम, पोटावर हात ठेवून, काही कळत नाही, हसतायत नुसत्या!

त्या माउलीनं उजवा तळहात ज्योतीवर दाबला. जळती वात आणि उकळतं तूप — मुठीत! आवळली मूठ! वात विझली.

सर धावले. गोधडी बाजूला फेकून टाकीचा खटका बंद केला. सगळ्यांना लांब नेलं. झेंडूची माळ तिथंच चिखलात पडलेली.

ताईंनी मूठ उघडली नाही. एवढंच विचारलं, "शाळेला दिली होती ना?"

सर अंगणात खाली बसले. आणि तेच कोकाट्याचं बोलले, "एकाच वर्षाचा प्रश्न होता गं..."

तेव्हा चाटे मॅडम म्हणाल्या — हळू आवाजात, रागानंही नाही — "सर, माझ्या बाळाला एक दिवससुद्धा मिळाला नसता."

विठ्ठल... विठ्ठल...

पुढं काय? सरांनी टाकी काढली, आतली बैठक स्वतः घण घालून मोडली, की पुढच्या कुणाला ती वापरता येऊ नये, आणि मगच व्हॅन विकली. पोस्टमास्तरांची गाडी केव्हाच विकली गेली होती. सर कोंबड्याच्या आधी उठून एसटीनं जाऊ लागले. मॅडमना मुलगी झाली, धडधाकट. बारशाला सरांना बोलावलं नाही. आणि प्रमिलाताई अजून रोज त्याच हातानं पोळी वाढतात. तळहातावर वातीएवढा डाग. सर ताटात बघून जेवतात.

तर मंडळी, पुन्हा विचारतो. खोटं किती दिवसांपुरतं चालतं? ... आता का गप्प?

अहो, आपण सगळेच थोड्या दिवसांचे प्रवासी. हा देह काय कायमचा आहे? मग तेवढ्यापुरतंच म्हणून जे जे आपण गोधडीखाली झाकलंय, ते आपल्या पाठीमागं कोण बसलंय हे बघून झाकलं का? बायको बसलीय. लेकरं बसलीत. विश्वासानं, उशी घेऊन बसलीत!

चला. आरतीची वेळ झाली. ताट आणा. कापूर...

थांबा. मंडपाच्या त्या अंगाला गाड्या लागल्यात ना, अगदी कनातीला चिकटून? तिथं बायका बसल्यात, मांडीवर पोरं आहेत. मी कुणाचं नाव घेत नाही. मला ठाऊकही नाही. फक्त विचारतो — कुणाच्या गाडीत गोधडी आहे का?

... कोण ते? खांबाजवळचे? उठलात? बसू नका, बसू नका! लाजू नका. किल्ली आहे ना हातात? जा. सावकाश गाडी ढकलत लांब न्या, सुरू करू नका. दोघं जण जा रे त्यांच्याबरोबर. माउल्यांनो, लेकरं घेऊन इकडे पुढं या, देवापाशी.

आणि तो कापूर खाली ठेवा. ते परत येईपर्यंत आरती होणार नाही. देव थांबेल.