मागच्या बाकावरची वही

बोटीच्या रांगेत सुक्या मासळीची टोपली घेऊन उभ्या असलेल्या इसिद्राचे कान पुढच्या दोघींकडे लागले होते. एक निवृत्तीला टेकलेली डेल्फिना मॅम, दुसरी आजच तिच्यासमोर पहिला पाठ घेतलेली रियालिन.

"मॅम, तास सुटला तरी मागच्या बाकावर बसून तुम्ही लिहीतच होतात. इतक्या चुका झाल्या माझ्या?"

"तुझ्याबद्दल एक अक्षर नाही लिहिलं. पोरांची नावं लिहिली."

"कसली नावं?"

"शेवटी तू 'समजलं का?' विचारलंस, तेव्हा काय म्हणाली पोरं?"

"सगळी एका सुरात 'येस, मॅम!' म्हणाली. टाळ्यासुद्धा वाजवल्या."

"मग मी शेजारच्या जोमारला हळूच विचारलं, बिबिंका केकचा एक छेद दोन भाग हवा की एक छेद चार? म्हणाला, एक छेद चार द्या. का, तर चार मोठे!"

"अगंबाई! मग 'येस' कशाला म्हणाला?"

"मॅमना कधी 'नाही' म्हणतात होय? तीस वर्षं विचारतेय, एक पोर 'नाही' म्हणालेलं नाही. तास सुटल्यावर एकेकाला विचारलं, तर अशी एकोणीस निघाली."

"एकोणीस! मग मी करू तरी काय?"

"पोर जिथे चुकतं, तिथूनच पाठ सुरू करायचा. पुढचं टाचण तसंच काढ. समजलं?"

"येस, मॅम!"

डेल्फिना मॅमनी पिशवीतून वही काढली.

"आता काय लिहिताय?"

"विसावं नाव."