चित्रकळा राणी बाहेर कशी आली

नाही नाही, तिथं नको हेमा मॅडम, ती खुर्ची आमच्या सासऱ्यांची — म्हणजे बसलात तर कुणी काही म्हणणार नाही, शाळेच्या माणसाला आप्पासाहेब कधी काही म्हणत नाहीत — पण तुम्ही इकडं सोफ्यावर बसा, पंखा इथं लागतो. चहा ठेवलाय, अर्धा तरी घ्याच. सासूबाई गच्चीवर पापड वाळत घालतायत, त्या खाली यायच्या आत बोलून घेऊ. तसं लपवण्यासारखं काही नाही. तुम्ही अपेक्षाच्या वर्गशिक्षिका, पालकाकडं आलात, त्यात काय एवढं. पण सदाशिव पेठेतून धायरीपर्यंत या उन्हात स्कूटरवर आलात म्हणजे काम साधं नाही, इतकं कळतं मला. गोष्टीचंच ना? चित्रकळा राणीच्या? मला वाटलंच. त्या दिवशी शाळेच्या गोष्ट सांगायच्या स्पर्धेत अपेक्षानं आणि तिच्या मैत्रिणीनं, दोघींनी तीच गोष्ट सांगितली, आणि परीक्षक बाईंनी म्हणे चष्मा काढला आणि विचारलं, हा शेवट कुठल्या पुस्तकातला? घरी येऊन अपेक्षा म्हणाली, आई, त्यांना आपली गोष्ट खूप आवडली. मी म्हटलं, हो का. आणि पोळी करपली माझी तव्यावर.

काय आहे, तुमच्या शाळेचा तो शनिवारचा तास — पालकांनी मोबाईलवरून मुलांना जुन्या साहित्यातली एकेक गोष्ट सांगायची — तो तुम्ही मला दिलात, कारण माझं मराठीत एम.ए. झालंय. मी नको म्हणणार होते. पण आप्पासाहेब समोरच बसले होते, त्याच खुर्चीत. म्हणाले, सांगेल की, तिचा विषयच आहे तो. मग मी काय करणार? पुस्तकं कुठून आणू? घरात पंचांग आणि बियाण्यांच्या कंपनीची कॅलेंडरं. ग्रंथालयात जायचं तर कुणाबरोबर? एकटीनं कशाला, म्हणतात हे, काय हवं ते सांग, मी आणतो. आता यांना कुठल्या तोंडानं सांगू, काय हवंय तेच मला माहीत नाही म्हणून? तेव्हा फोन हातात घेतला. फोन एरवी फ्रिजवर असतो, सगळ्यांचा मिळून आहे तो, पण शनिवारच्या तासासाठी म्हटलं की मिळतो मला, तयारीला सुद्धा मिळतो. टाईप करायला वेळ लागतो माझा, म्हणून त्याच्याशी बोलले, जुनी मराठी पुस्तकं फुकट. तर तो उलट मोठ्यानं बोलायला लागला, ही घ्या जुनी मराठी पुस्तकं, आणि सासूबाई आतून म्हणाल्या, रद्दीवाला आलाय का गं? वर म्हणाल्या, तो पितळेचा तांब्या काढून ठेव, तोही दाखवू.

पण केवढं आहे हो तिकडं. तुम्ही पाहिलंच असेल, तुमचं कामच ते. कुठल्या कुठल्या ग्रंथालयातली पुस्तकं, शंभर-शंभर वर्षांची, पानापानाचे फोटो काढून ठेवलेत. आणि कुणी घरी बसून ती वाचून रेकॉर्डसुद्धा करतं. कोण सांगतं त्यांना? कुणीच नाही. चित्रकळेची गोष्ट एका गृहस्थांनी वाचलीय, आवाज असा की बाजूला बसून सांगतायत, मधेच खोकतात, मागं कुकरची शिट्टी होते, तिसऱ्या शिट्टीला कुणीतरी गॅस बंद करतं. मी भांडी घासताना लावायची. कानात इअरफोनचं एकच बोंड, दुसरा कान घरासाठी. अक्षरं वाचायला गेले तर जुनी छपाई, जोडाक्षरं एकावर एक, डोकं दुखतं, पण ऐकलं की समजतं सगळं, शब्द न् शब्द. सातवीत आमच्या गुरुजींचं असंच होतं, ते वाचायला लागले की — म्हणजे एम.ए.च्या आधी, सातवी काय, सगळ्यांनाच असते.

एक मिनिट हं, यांचा फोन. — हां. हो, शाळेच्या मॅडम आल्यात. नाही, फीचं नाही. अशाच. हो, चहा देते की. हां. ठेवते. — गेटवर कॅमेरा आहे, माणूस दिसला की त्यांना तिकडं साईटवर मोबाईलमध्ये कळतं. चांगलंच आहे ते, एवढं मोठं घर, मोकळी जमीन बाजूला, चोऱ्या होतात. काळजीपोटीच. मारहाण, आरडाओरडा, असलं काही नाही हं आमच्याकडं, तुम्ही भलतं मनात आणू नका. फ्रिज भरलेला असतो. मी फक्त — जाऊ दे. गोष्टीचं बोलत होतो आपण.

तर गोष्ट अशी, की राजा संशय घेतो आणि चित्रकळेला सातखणी महालात ठेवतो. इथपर्यंत तुमच्या माझ्या गोष्टीत फरक नाही. ती दाराशी बसून राहते. आणि ते गृहस्थ पान उलटतात, आवाज येतो पानाचा, आणि राणी एकदम नदीकाठी उभी. मी मागं जाऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा नदी. मग फोटोतली पानं काढली, तर तिथंही तसंच — फोटो काढणाऱ्यानं दोन पानं एकदम उलटलीत, वर त्याचा अंगठा आलाय कडेला, नखासकट. त्या गृहस्थांनी त्याच फोटोवरून वाचलंय, त्यांच्या लक्षातच आलं नाही. राणी आत होती, बाहेर आली, पुढं चला. आणि बाई, मलासुद्धा वाटलं नव्हतं कुणी विचारेल. पण शनिवारी पोरं विचारायला लागली ना. सगळी एकदम. ती बाहेर कशी आली? पडद्यावर ती एवढी एवढी तोंडं, सगळी माझ्याकडं बघतायत. माहीत नाही म्हणायचं? एम.ए. झालेल्या बाईनं? आप्पासाहेब इथंच पेपर वाचत होते.

मग मी सांगितलं. ठरवून नाही, तोंडातून आलं. सांगितलं की राणी रोज ते दार ढकलायची. हातानं, खांद्यानं. सगळे म्हणायचे बंद आहे, म्हणून तीही धरून चालली होती की बंदच असणार. आणि एक दिवस दमून तिथंच दाराला टेकून बसली, तर पाठीला काहीतरी टोचलं. कडी होती ती. आतल्या बाजूला. बाहेरून दाराला काही नव्हतंच, पहारेकरी नाही, कुलूप नाही. ती कडी काढून नदीवर गेली, तोंड धुतलं. एवढंच. पोरांना पटलं. मला बरं वाटलं हो, खोटं कशाला बोलू — बरं वाटलं. आणि मग आमच्या अपेक्षानं हात वर केला. शेजारच्या खोलीतूनच बोलत होती ती, आप्पासाहेबांच्या फोनवरून, पण हात वर करून, शिस्तीत. म्हणाली, मग तिनं आधी का नाही काढली कडी? मी म्हटलं, वेळ संपली बाळा, पुढच्या शनिवारी.

पुढच्या शनिवारी मी दुसरी गोष्ट घेतली.

नाही, तुम्ही असं बघू नका माझ्याकडं. तुम्ही म्हणताय ते ऐकलं मी, शाळेत या, सगळ्या शिक्षकांसमोर हीच गोष्ट सांगा, परीक्षक बाई पण येतील. पण त्या पहिलं काय विचारतील? आवृत्ती कुठली. मग कॉलेज कुठलं. आमच्या लोणी काळभोरला कॉलेजांची काय कमी, खिडकीतून पोरं जाताना दिसायची दप्तरं घेऊन, मी आईचं अंथरूण बदलायचे — आई आजारी होती माझी, सातवीपासनं, आणि ती गेली तेव्हा लगेच स्थळ आलं. तुम्हाला कळलंय ना? कधीचंच कळलंय. तरी मघाशी एम.ए. म्हटलं तेव्हा मान हलवलीत. चांगल्या आहात तुम्ही. अपेक्षाच्या शाळाप्रवेशाच्या वेळी आप्पासाहेबांनी ते सांगितलं, मला विचारलं नव्हतं, आणि आता ते खोटं पडलं तर त्यांची मान खाली, यांची मान खाली, आणि फोन कायमचा फ्रिजवर. शनिवार गेला म्हणजे माझं काय राहिलं? तेवढाच एक तास माझं कुणी ऐकतं. म्हणून सांगते, त्या बाईंना सांगा, लहान मुलांचा घोटाळा झाला. दोन गोष्टी एकात एक मिसळल्या. मुलं मिसळतात.

पिशवीत काय आहे? त्या पानांची झेरॉक्स? तुम्हाला खरं पुस्तक मिळालं? नको, काढू नका, मला ते अक्षर झेपत नाही. आणि सासूबाईंची पावलं वाजतायत जिन्यावर. नुसतं सांगा. पटकन सांगा. खऱ्या पुस्तकात ती बाहेर कशी येते?

बोला ना.

राजा येतो. हो ना? त्याचा राग शांत होतो, आणि तो स्वतः येऊन दार उघडतो.

हं.

ते मुलांना नका सांगू मॅडम. पुढं कधीतरी वाचतील तेव्हा वाचतील. ती पानं पिशवीतच राहू देत. — अहो सासूबाई, या, अपेक्षाच्या मॅडम आहेत, निघाल्याच आहेत त्या. अक्षर सुधारलंय म्हणतात तिचं. — बराय मग मॅडम, ऊन फार आहे, डोक्याला रुमाल बांधा. गेट? नाही, कुलूप नाही हो, कधीच नसतं. कडीच आहे, आणि आतूनच आहे.

या तुम्ही.