गुडघ्यासाठी रुमाल

मनिलातल्या चर्चमध्ये येशूच्या मूर्तीचे पाय रुमालानं पुसायला रांग लागली होती; तो रुमाल दुखऱ्या जागी चोळला की दुखणं जातं, अशी श्रद्धा. रांगेतल्या लिगायाला पुढच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

“बासिलिया, रुमाल चोळणार कुठं?”

“गुडघ्यावर. चालवत नाही गं, देल्फिना.”

“बायबलातला तळ्याकाठचा तो पांगळा मनानंच खिळला होता, असं फादर आत्ताच प्रवचनात म्हणाले ना?”

“फादरांचे गुडघे तरुण आहेत.”

“बाजारात बरी तुरुतुरु जातेस! लेकाचं घर तेवढं तुला डोंगरावर वाटतं. नातू चालायला लागला, आजी अजून खिळलेलीच.”

“मला कुणी बोलावलं का?”

“तो पांगळाही हेच रडगाणं गात होता, मला कुणी तळ्यात नेत नाही म्हणून.”

बासिलियानं मूर्तीचा पाय पुसला, रुमालाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

“अगं, गुडघा?”

“राहू दे. नातवाला दाढा येत असतील. हिरड्या ठणकतात.”