पाव फेरा

डॉक्टर : अंगठा वर उचला.

फिटर : उचलला की, मॅडम.

डॉक्टर : नाही उचलला. पायाकडे बघून सांगा.

फिटर : मुंग्या आल्यात जरा. झोपेत अवघडला असेल.

बायको : मला एका शब्दानं बोलले नाहीत हे.

डॉक्टर : ताई, पायाभोवतीच्या या रिंगांवरचे नट तुम्हीच फिरवता ना? दिवसातून चारदा, दर वेळी पाव फेरा?

बायको : तेवढाच. तुम्ही शिकवलंत तसा. पाना माझ्या पर्समध्येच असतो.

डॉक्टर : मग हा एक्स-रे बघा. हाडाच्या दोन टोकांमध्ये आतापर्यंत सायीसारखं काहीतरी धरायला हवं होतं. नवं हाड. इथे नुसता काळोख आहे, आणि फट दुप्पट.

बायको : माझ्या हातून चुकलं का काही?

डॉक्टर : एखाद्या चुकीनं एवढं होत नाही. कुणीतरी रोज जास्त फिरवतंय.

फिटर : तिला नका बोलू. मी फिरवले.

बायको : कशानं? पाना तर...

फिटर : शेजारच्या कॉटवरच्या ड्रायव्हरकडे होता दहाचा. तू जेवायला खाली गेलीस की मी फिरवायचो.

डॉक्टर : का पण?

फिटर : मॅडम, मी लष्करी गाड्यांचा फिटर. अख्खं इंजिन उतरवून पुन्हा चढवतो, आणि इथे पाव-पाव फेऱ्यांत महिने चाललेत. म्हटलं, दुप्पट फिरवलं तर निम्म्या वेळात सुटका.

डॉक्टर : हाड आपल्या चालीनंच वाढतं हो. गेलेला तुकडा भरून काढायला टोकं हळूहळू एकमेकांपासून लांब न्यायची, मधे ते भरत जातं. तुम्ही ओढत सुटलात, हाड मागे राहिलं आणि नस ताणली गेली. स्फोटात ट्रकखाली पायाचा चुरा झाला होता, पण ही नस शाबूत होती, म्हणून मी पाय ठेवला. नाहीतर त्याच दिवशी कापला असता.

फिटर : मग आता कापा. पलीकडचा हवालदार नकली पायावर जिने चढतो, आणि मी हा पिंजरा घेऊन पडलोय.

बायको : कापा काय कापा? दुधी आहे का तो?

फिटर : तुझे हात थरथरतात गं नट फिरवताना. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीस. ते बघवत नव्हतं मला. लवकर संपावं म्हणून केलं.

बायको : तुम्हाला दुखतं म्हणून थरथरतात. तरी फिरवतेच ना? एवढं सगळं केलं, त्यावर पाणी फिरवलंत. इतका राग आलाय, उठून घरी जावंसं वाटतंय.

फिटर : मग जा.

बायको : नाही जाणार. ड्रायव्हरभाऊ, तुमचा तो पाना द्या इकडे.

डॉक्टर : आता दोघंही ऐका. सगळे नट आत्ताच उलटे फिरवायचे. ताण उतरला की नस जागी होईल, किंवा नाही होणार. हमी देत नाही. पाऊल असंच सुन्न राहिलं, तर पाय ठेवण्यात अर्थ उरणार नाही. मग कापायचं मीच बोलेन.

फिटर : तुम्ही फिरवा, मॅडम.

डॉक्टर : ताई फिरवतील. त्यांचा हात बसलाय.

बायको : किती फिरवू?

डॉक्टर : मी थांबा म्हणेपर्यंत.

(संध्याकाळ. त्याच कॉटपाशी तिघं.)

डॉक्टर : डोळे मिटा. सुई लागली की सांगा.

फिटर : टोचली का?

डॉक्टर : विचारू नका. सांगा.

फिटर : नाही.

डॉक्टर : आता?

फिटर : नाही. तू आहेस ना गं?

बायको : इथेच आहे. बोलू नका, लक्ष द्या.

फिटर : काहीच नाही. मॅडम, भीती वाटतेय मला. सकाळी कापा म्हणालो ते रागाच्या भरात.

डॉक्टर : माहीत आहे. आता?

फिटर : थांबा. अंगठ्याच्या बेचक्यात. बारीकसं काहीतरी.

बायको : खरंच?

फिटर : खात्री नाही. पुन्हा टोचा, मॅडम.