आठव्या खिळ्यावरची किल्ली

मंडळी, सरकून बसा, मागच्यांना जागा द्या, आणि एक प्रश्न मनात धरा. एकमेकांचा घास पळवणाऱ्यांनीच संघटना काढली, तर फायदा कुणाला? हसू नका — उत्तर वाटतं तेवढं सोपं नाही!

वाईत बसस्टँडामागे भाड्याची घरं दाखवणारे आठ एजंट. त्यांत बाई एकच, रत्नप्रभा ओहोळ. प्रत्येकाकडे चार-चार घरांच्या किल्ल्या, आणि त्या अशा लपवायच्या, की सोनंसुद्धा कुणी तसं लपवत नाही! एकानं गिऱ्हाइकाला घर दाखवावं, दुसऱ्यानं कोपऱ्यावर गाठून पळवावं. या पळवापळवीत पटाईत कोण? दिगंबर शेलार.

शेवटी वैतागून सात जणांनी संघटना काढली. झेरॉक्सच्या दुकानात फळी लावली, आठ खिळे ठोकले. किल्ल्या तिथं टांगायच्या, कुणीही कुठलंही घर दाखवायचं. नियम एकच — ज्यानं पहिल्यांदा उंबरा ओलांडायला लावला, गिऱ्हाईक त्याचं. शेलार म्हणाले, "बेडूक तागडीत बसतील, एजंट बसायचे नाहीत." आठवा खिळा मोकळाच राहिला.

आणि शेलार चुकत नव्हते बरं! सातही जणांनी फळीवर टांगल्या त्या गळक्या घरांच्या किल्ल्या. चांगल्या? खिशात! डबा वाटून खाऊ म्हणायचं आणि लाडू तळाशी दडवायचा — ओळखीचं वाटतंय ना? रत्नप्रभाबाईंनीही एक किल्ली पर्समध्ये ठेवलीच होती.

बाईंचं तर बिकट होतं. महिनाअखेरपर्यंत एक घर लागलं नाही, तर टेबल आवरून भावाच्या किराणा दुकानात बसायचं, असं घरी ठरलेलं. चार दिवस उरले, आणि बदली होऊन आलेले कुरणे मास्तर दारात! बाईंनी पर्समधली किल्ली काढली, घर उघडलं. खिडक्या बंद, आत अंधार. दिव्याचं बटण दारामागं, कपाटाच्या आड. मास्तरांचा हात सरळ तिथंच गेला.

थांबा. नवख्या माणसाला बटण सापडलं कसं?

बाईंना उमगलं, मास्तर हे घर आधीच बघून गेलेत. मालकानं दुसरी किल्ली दिली होती ती फक्त शेलारांना. मास्तर ओशाळून म्हणाले, घर तुमच्याकडूनच घेतो, त्यांना कोण सांगतंय? खरंच, कोण सांगणार होतं? शेलार तर संघटनेतही नव्हते! भावाच्या दुकानातल्या मिरचीचा खकाणा बाईंच्या नाकात आल्यासारखा झाला. तरी त्यांनी फोन लावला.

"शेलार, तुमचं गिऱ्हाईक माझ्याकडं आलंय. येऊन घेऊन जा."

पलीकडून शेलार म्हणाले, "बाई, चेष्टा करताय का?"

"चेष्टेला वेळ कुणाला आहे? दार उघडं ठेवलंय."

घर शेलारांच्या हातून लागलं. बाईंना काय मिळालं? त्या दिवशी — काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी झेरॉक्सवाल्यानं शटर वर केलं, तर शेलार पायरीवर बसलेले. त्यांनी अख्खा जुडगा आठव्या खिळ्याला अडकवला. ते बघून दुपारपर्यंत बाकीच्यांचे खिसेही मोकळे झाले. महिना संपायला एक दिवस असताना बाईंनी एका परिचारिकेला घर लावून दिलं. कुणाच्या किल्लीनं? शेलारांच्या!

तेव्हा मंडळी, फळी काय, कुणीही लावतं. चांगल्या घराची किल्ली आधी कोण टांगतो, तेवढं बघायचं. मघापासून माना डोलावताय, पण तुमच्या भावकीत, बचत गटात, या मंदिराच्या कमिटीत फळी लागलेलीच आहे की! उठताना जरा कनवट चाचपून बघा — आणि मग मोठ्यानं म्हणा, पांडुरंग हरी!